जेवणाच्या टेबलावर गेटिसबर्गची सकाळ

टेबलावर हिरवी चादर, तिच्याखाली बुटक्या टेकड्या, वर बोटभर उंचीचे निळे आणि करडे सैनिक, हाताशी मोजपट्टी आणि मूठभर फासे. एवढ्या सामानात खरी झालेली लढाई पुन्हा मांडता येते. या छंदाला लघुसैनिकांचा युद्धखेळ म्हणतात. बुद्धिबळासारखी घरे इथे नसतात. सैन्य किती सरकले हे मोजपट्टीने मोजायचे आणि गोळीबारात काय झाले हे फाशांनी ठरवायचे.

हा खेळ जुना आहे. प्रशियाच्या राइस्वित्झ नावाच्या तोफखाना अधिकाऱ्याने १८२४ मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून तो घराच्या जमिनीवर आणला. आपण इथे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका सकाळचा डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडून पाहू. आधी काही येत असण्याची गरज नाही. दोन खेळाडू, शक्य असल्यास एक पंच आणि सुटीची एक दुपार पुरे.

पहिली पायरी: लढाई नव्हे, प्रश्न निवडा

नवखे खेळाडू इथेच अडखळतात. ‘गेटिसबर्ग खेळू या’ म्हणून ते अख्खी लढाई मांडायला घेतात. ती लढाई १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस चालली, दोन्ही बाजू मिळून सुमारे १,६५,००० माणसे तिथे होती आणि मेलेले, जखमी, पकडलेले आणि बेपत्ता यांची बेरीज ५०,००० च्या आसपास जाते. हे एका टेबलावर मावत नाही आणि एका दुपारी संपत नाही.

म्हणून लढाईचा असा तुकडा घ्या, ज्यात एका सेनापतीपुढे एकच स्पष्ट प्रश्न होता. १ जुलैची सकाळ तशी आहे. पेनसिल्वेनियातल्या गेटिसबर्ग गावाच्या पश्चिमेला निळ्यांचा, म्हणजे उत्तरेकडच्या संघराज्याचा, घोडदळ सेनापती जॉन ब्युफर्ड उभा होता. समोरून चेंबर्सबर्गच्या रस्त्याने करड्यांची, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांची, पायदळ डिव्हिजन येत होती. तिचा सेनापती हेन्री हेथ. ब्युफर्डच्या मागे जनरल रेनल्ड्स पायदळ घेऊन येत होता, पण त्याला अजून वेळ होता. प्रश्न एवढाच: पायदळ येईपर्यंत घोडदळाला ही जागा धरता येईल का?

दुसरी पायरी: युद्ध कशासाठी होते ते आधी बोलून घ्या

टेबलाशी बसण्यापूर्वी हे पाच मिनिटांत सांगून टाकावे, विशेषतः मुले खेळणार असतील तर. दक्षिणेची राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून बाहेर पडली होती. याच मोहिमेत त्यांच्या फौजेने पेनसिल्वेनियातल्या स्वतंत्र काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत गुलामीत नेले. करड्यांची बाजू खेळणारा त्यांच्या सेनापतीपुढची लष्करी अडचण सोडवत असतो. त्यांच्या कारणाला त्यामुळे मान मिळत नाही आणि तो देऊही नये.

महाराष्ट्राचा या युद्धाशी थेट संबंध आहे. अमेरिकेचा कापूस थांबल्यावर मुंबईतून जाणाऱ्या कापसाचे भाव कडाडले, शहरात सट्ट्याला ऊत आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो सगळा डोलारा कोसळला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. आपण टेबलावर मांडतो ती सकाळ त्या मुक्तीच्या वाटेवरची आहे.

तिसरी पायरी: प्रमाण ठरवा

प्रमाण म्हणजे टेबलावरचा एक सेंटिमीटर खऱ्या जमिनीवर किती, घड्याळातला किती वेळ म्हणजे एक पाळी आणि एक तुकडा म्हणजे किती माणसे. तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत, नाहीतर सैनिक धावत सुटतात किंवा गोगलगाय होतात.

आपण १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर धरू. दीड मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद टेबलावर मग ३ किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद प्रदेश मावतो. आपल्या लढाईला तो बरोबर पुरतो.

एक पाळी म्हणजे १५ मिनिटे. डाव सकाळी ९ ला सुरू होतो आणि ११:३० ला संपतो, म्हणजे १० पाळ्या.

एक पट्टी म्हणजे सुमारे २०० माणसे. पट्टी म्हणजे सैनिक ज्यावर चिकटवतात तो पुठ्ठ्याचा तुकडा. दुकानांत आणि नियमपुस्तकांत त्याला बेस म्हणतात. त्या काळी पायदळ दोन ओळींत खांद्याला खांदा लावून लढे, त्यामुळे २०० माणसे साधारण ६० मीटर जागा अडवत. म्हणून आपली पट्टी ३ सेंटिमीटर रुंद.

चौथी पायरी: जमीन मांडा

टेबलाची लांबी पश्चिम-पूर्व धरा. करडे पश्चिमेच्या कडेने येतील. गाव पूर्वेच्या कडेच्या पलीकडे आहे, ते मांडायचे नाही.

इथे तीन रिज आहेत. रिज म्हणजे लांबट, बुटकी टेकडी. पश्चिम कडेपासून मोजून ४० सेंटिमीटरवर हेर रिज, ९० वर मॅकफर्सन रिज आणि ११७ वर सेमिनरी रिज अशा आडव्या मांडा. पहिल्या दोहोंच्या मध्ये, ७२ सेंटिमीटरवर, विलोबी रन नावाचा ओढा आहे. चेंबर्सबर्गचा रस्ता टेबलाच्या मधून लांबीने सगळे ओलांडत जातो.

रस्त्याच्या उत्तरेला ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर त्याला समांतर अशी रेल्वेसाठी खणलेली पण रूळ न टाकलेली वाट आहे. ती टेकड्यांना कापून जाते आणि काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून खोल आहे. ती विसरू नका, तिच्यामुळेच पुढे मोठी उलथापालथ होते. रस्त्याच्या दक्षिणेला मॅकफर्सन रिजवर झाडांचा एक पट्टा मांडा.

दिवाळीचा किल्ला केलेल्या हाताला हे काम सोपे जाते. मात्र किल्ला करताना उंची वाढवायची सवय लागलेली असते, ती इथे आवरावी लागते. या टेकड्या फार तर दहा-पंधरा मीटर उठतात. आपल्या प्रमाणात ते एक सेंटिमीटरही भरत नाही. चादरीखाली थर्मोकोलची एकच पातळ पट्टी सरकवा. उंच टेकड्या केल्या तर सैनिक घसरतात, आणि करड्यांना ही जागा जिंकण्याजोगी का वाटली तेही समजत नाही.

पाचवी पायरी: सैन्य तयार करा

पहिल्या डावासाठी धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक विकत आणू नका. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा, निळा आणि करडा रंग द्या, वर ब्रिगेडचे नाव लिहा, आणि सेनापतीसाठी वेगळी सोंगटी ठेवा. ब्रिगेड म्हणजे चार-पाच रेजिमेंटांचा गट. आपल्या डावात हुकूम ब्रिगेडला द्यायचा असतो. शंभर सैनिक आणून त्यातले दहा रंगवून झाल्यावर कंटाळलेले लोक या छंदात फार. एक डाव पुठ्ठ्यावर खेळून पाहा, आवडला तर मग १० मिलिमीटर उंचीचे सैनिक आणा. त्या मापाचे चार-पाच सैनिक आपल्या पट्टीवर सहज बसतात.

करड्यांकडे दोन ब्रिगेड. आर्चरची सुमारे १,२०० माणसांची, म्हणजे ६ पट्ट्या. ती रस्त्याच्या दक्षिणेला. डेव्हिसची रस्त्याच्या उत्तरेला. त्याच्या चार रेजिमेंटांपैकी एक त्या सकाळी हजर नव्हती, म्हणून सुमारे १,७०० माणसे, ८ पट्ट्या. तोफांचे ४ नग द्या, एक नग म्हणजे काही तोफांचा गट.

निळ्यांकडे सुरुवातीला गॅम्बलची घोडदळ ब्रिगेड, सुमारे १,६०० स्वार, ८ पट्ट्या. डेव्हिनची दुसरी ब्रिगेड उत्तरेकडच्या वाटांवर नजर ठेवून होती, तिच्या फक्त २ पट्ट्या घ्या. काल्फची सहा तोफांची बॅटरी म्हणजे ३ नग. पुढे कुमक म्हणून कटलरची ब्रिगेड ८ पट्ट्या आणि काळ्या टोप्यांची प्रसिद्ध आयर्न ब्रिगेड ९ पट्ट्या.

घोडदळाबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे स्वार घोड्यावरून नव्हे, खाली उतरून लढले. दर चारांपैकी एक जण मागे घोडे धरून थांबे. म्हणून गॅम्बलच्या ८ पैकी २ पट्ट्या गोळी झाडत नाहीत. दुसरे, या स्वारांकडे सात गोळ्यांच्या स्पेन्सर बंदुका होत्या असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नाही. त्यांच्याकडे मागून भरायच्या एक-गोळी कार्बाइन होत्या. तोंडाकडून भरायच्या बंदुकीपेक्षा त्या लवकर भरत, एवढाच फायदा. त्यांना खेळात जादा फासे देऊ नका.

सहावी पायरी: हुकूम लिहा

प्रत्येक पाळीचा क्रम सारखाच: हुकूम, चाल, मारा, हातघाई, धीर. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलाशी ठेवा.

पाळी सुरू होताना दोन्ही खेळाडू प्रत्येक ब्रिगेडसाठी एक चिठ्ठी लिहितात: ‘पुढे’, ‘थांबा’, ‘मागे’ किंवा ‘हल्ला’. चिठ्ठ्या पालथ्या ठेवायच्या आणि एकदम उलटायच्या. एकदा लिहिले की त्या पाळीत बदल नाही.

चिठ्ठ्यांचा कंटाळा करून ही पायरी गाळू नका. टेबलावर आपल्याला दोन्ही सैन्ये वरून दिसतात, खऱ्या सेनापतीला धूर आणि झाडे दिसत. ही उणीव चिठ्ठी थोडीफार भरून काढते. शत्रू काय करतो ते पाहून आपले ठरवायची सोय तिने जाते.

सातवी पायरी: चाल

दोघांनी एकेक फासा टाकावा. ज्याचा आकडा मोठा तो ठरवतो, आधी कोण सरकेल.

पायदळ दोन प्रकारे उभे राहते. रांग, म्हणजे चालत जाण्याची लांब शेपटी. फळी, म्हणजे शत्रूकडे तोंड करून पसरलेली लढाईची ओळ. रांग एका पाळीत ३० सेंटिमीटर जाते, फळी २०. झाडी आणि ओढा यांत दोघांचीही चाल निम्मी. रांगेतून फळी करायला अख्खी पाळी जाते, त्या पाळीत जागचे हलता येत नाही.

घोड्यावरचे स्वार ४० सेंटिमीटर जातात, पायउतार झालेले २०. चढण्या-उतरण्यात निम्मी चाल खर्च होते.

वाद सर्वांत जास्त इथे होतात. मोजपट्टी पट्टीच्या पुढच्या कडेपासून लावायची, आणि वळताना बाहेरच्या टोकाने कापलेले अंतर धरायचे, हे दोन नियम डाव सुरू होण्यापूर्वीच मान्य करून घ्या. तरीही तंटा झाला तर पंच सांगेल ते खरे. पंच नसेल तर फासा टाका आणि पुढे चला.

आठवी पायरी: मारा

पायदळाचा पल्ला १२ सेंटिमीटर, कार्बाइनचा १०, तोफांचा ७५. पायदळाचा पल्ला कमी वाटेल. त्या काळच्या आटे पाडलेल्या बंदुकीची गोळी पुष्कळ लांब जाई. पण धूर, उंचसखल जमीन आणि नेमबाजीचा तोकडा सराव यांमुळे परिणामकारक गोळीबार बहुतेक दोनशे मीटरांच्या आतच होई.

पल्ल्यात असलेल्या दर पट्टीमागे एक फासा टाका. ५ किंवा ६ पडला तर एक फटका. लक्ष्य झाडीत, टेकडीच्या माथ्यामागे किंवा रेल्वेच्या चरात असेल तर फक्त ६ ला फटका. शत्रू रांगेत असेल किंवा त्याच्या बगलेवरून, म्हणजे फळीच्या टोकाकडून, मारा होत असेल तर फासे दुप्पट.

तोफांच्या दर नगाला लांबून एक फासा, आणि फक्त ६ लागतो. शत्रू १५ सेंटिमीटरच्या आत आला की दर नगाला तीन फासे, आणि ५ किंवा ६ लागतात, कारण एवढ्या जवळून तोफा गोळ्याऐवजी छऱ्यांचे डबे झाडत. रांग आणि बगल यांचा नियम तोफांनाही लागू.

दर दोन फटक्यांना शत्रूची एक पट्टी उचला. उरलेला एक फटका कागदावर टिपून ठेवा.

नववी पायरी: हातघाई

‘हल्ला’ हुकूम असलेली ब्रिगेड शत्रूला भिडली तर दोघांनी एकेक फासा टाकावा. ज्याच्या पट्ट्या जास्त त्याला १ अधिक, जो आडोशाला आहे त्याला १ अधिक, जो बगलेवर भिडला त्याला २ अधिक. ज्याची बेरीज कमी तो एक पट्टी गमावून २० सेंटिमीटर मागे जातो. बरोबरी झाली तर हल्ला करणारा मागे फिरतो.

संगिनींची लढाई प्रत्यक्षात क्वचित होई. बहुतेक वेळा दोहोंपैकी एक बाजू भिडण्यापूर्वीच हटे. म्हणून हातघाई एका फाशात उरकायची, तिच्यासाठी लांबलचक नियम करायचे नाहीत.

दहावी पायरी: धीर

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी ही. पाळीच्या शेवटी, ज्या ब्रिगेडला या पाळीत एक जरी फटका बसला तिच्यासाठी एक फासा टाका. सेनापतीची सोंगटी तिच्याजवळ असेल तर १ मिळवा. या पाळीत बसलेले फटके वजा करा.

उत्तर १ किंवा अधिक आले तर ब्रिगेड ठाम. ० ते उणे २ आले तर ती २० सेंटिमीटर मागे. उणे ३ किंवा कमी आले तर ती उधळली: ४० सेंटिमीटर मागे, आणि पुढच्या पाळीत तिला हुकूम देता येत नाही.

हा नियम गाळला तर प्रत्येक ब्रिगेड शेवटच्या पट्टीपर्यंत झुंजते आणि डाव नुसता एकमेकांची माणसे संपवण्याचा होतो. खरी फौज तशी लढत नाही. माणसे मरण्याच्या आधी कितीतरी वेळ त्यांचा धीर सुटतो आणि सेनापतीचे निम्मे काम तो धीर सांभाळण्याचे असते.

एक पाळी करून पाहू

दुसरी पाळी चालू आहे असे समजा. आर्चरची ब्रिगेड रस्त्यावर रांगेत आहे, कडेपासून ३० सेंटिमीटरवर. गॅम्बलचे स्वार हेर रिजच्या माथ्यावर, ४० वर, पायउतार होऊन पसरले आहेत. अंतर १० सेंटिमीटर.

चिठ्ठ्या उलटल्या. आर्चरची ‘थांबा’, कारण तो रांगेची फळी करू पाहतो. गॅम्बलचीही ‘थांबा’. फळी करायला अख्खी पाळी लागते, म्हणून मारा होताना आर्चर अजून रांगेतच धरायचा. गॅम्बलच्या फक्त तीन पट्ट्या पल्ल्यात आहेत, बाकीच्या लांब पसरल्या आहेत. तीन फासे, लक्ष्य रांगेत म्हणून दुप्पट, सहा. पडले २, ५, १, ६, ३, ४. दोन फटके, एक पट्टी उचलली.

आता आर्चरचा धीर. फासा ३, सेनापती जवळ म्हणून १ अधिक, दोन फटके वजा. उत्तर २, ब्रिगेड ठाम. पुढच्या पाळीत ती फळी होऊन पुढे येईल आणि तिच्या पाच पट्ट्या विरळ पसरलेल्या स्वारांना जड जातील. म्हणून निळ्यांचा शहाणा खेळाडू पुढची चिठ्ठी ‘मागे’ अशी लिहितो.

ब्युफर्डची युक्ती इथे उलगडते. हेर रिज धरून ठेवणे हा त्याचा हेतू नव्हताच. करड्यांनी रस्ता सोडून फळी करावी, त्यात वेळ जावा, एवढेच त्याला हवे होते. हिशोब करून पाहा. कोणी अडवले नाही तर करडे रांगेत, ओढा धरूनही, चौथ्या पाळीला मॅकफर्सन रिजवर पोचतात. दुसऱ्या पाळीत फळी करावी लागली तर तिसरीत ५० वर, चौथीत ७० वर, पाचवीत ओढ्यामुळे जेमतेम ८० वर आणि सहावीत रिजवर. मोजक्या स्वारांनी आणि तीन फटक्यांच्याही आत दोन पाळ्या, म्हणजे अर्धा तास, मिळवला.

अकरावी पायरी: कुमक

कटलरची ब्रिगेड पाचव्या पाळीला आणि आयर्न ब्रिगेड सहाव्या पाळीला पूर्व कडेच्या दक्षिण भागातून रांगेत येते. म्हणजे कटलर पाचवीत १२० वर असतो. लढायला त्यालाही फळी करायची आहे. तो सातव्या पाळीपूर्वी मॅकफर्सन रिजवर लढायला तयार होत नाही आणि करडे सहावीतच तिथे असतात. ही एक पाळी ब्युफर्डला ओढ्याकाठी लढून मिळवायची आहे. सगळा डाव त्या एका पाळीवर आहे.

इतिहास वाचलेल्या खेळाडूला कुमक कधी येणार हे ठाऊक असते आणि तो त्या भरवशावर खेळतो. ब्युफर्डला तो भरवसा नव्हता. दुसऱ्या डावापासून असे करा: चौथ्या पाळीपासून दर पाळीला एक फासा टाका, ५ किंवा ६ पडला की कटलर आला, आयर्न ब्रिगेड त्यानंतरच्या पाळीला. मग निळ्यांच्या खेळाडूला खरी धाकधूक कळते.

बारावी पायरी: निकाल

जिंकले कोण हे उचललेल्या पट्ट्या मोजून ठरवू नका. प्रश्न जागेचा आणि वेळेचा होता, निकालही त्याचाच हवा. दहावी पाळी संपताना मॅकफर्सन रिजवर निळ्यांची धीर न सुटलेली पायदळ ब्रिगेड असेल तर निळे जिंकले. करडे सेमिनरी रिजवर असतील तर करडे जिंकले. मधले काही असेल तर बरोबरी.

शेवटच्या पाळीला एक खोड दिसते. उद्या नाहीच म्हटल्यावर खेळाडू सगळे सैन्य बेफाम पुढे फेकतो. यावर सोपा उपाय आहे. दहाव्या पाळीनंतर एक फासा टाका, ४ किंवा जास्त पडला तर आणखी एक पाळी. शेवट कधी हे माहीत नसले की माणूस जपून खेळतो.

तेरावी पायरी: इतिहासाशी ताळा

डाव संपल्यावर आवरण्यापूर्वी खरे काय घडले ते पट्ट्या सरकवत एकदा पाहा.

सकाळी साडेसातच्या सुमारास पश्चिमेच्या चौकीवर पहिली गोळी झाडली गेली. ब्युफर्डचे स्वार टेकडी-टेकडीने मागे येत राहिले. दहाच्या सुमारास रेनल्ड्स पोचला. आयर्न ब्रिगेडला झाडीत घालत असतानाच तो गोळी लागून ठार झाला आणि सूत्रे जनरल डबलडेकडे गेली. आयर्न ब्रिगेडने झाडीतून आर्चरला बगलेवर गाठले आणि खुद्द आर्चर कैद झाला. रॉबर्ट ली करड्यांच्या या फौजेचा प्रमुख झाल्यापासून त्याचा पकडला गेलेला हा पहिलाच जनरल.

उत्तरेला उलट झाले. डेव्हिसने कटलरला मागे रेटले, पण त्याची माणसे आडोसा म्हणून रेल्वेच्या चरात उतरली. चराच्या काठावर सहावी विस्कॉन्सिन आणि न्यू यॉर्कच्या दोन रेजिमेंटा चालून आल्या. वर चढता येईना, गोळी झाडता येईना. दोनशेहून अधिक जण शरण आले. आपल्या डावात कोणी त्या चरात शिरले असेल, तर आडोशाचा फायदा आणि बगलेचे दुप्पट फासे यांतून तोच धोका त्याला दिसला असेल.

सकाळ निळ्यांची ठरली. दुपारी उत्तरेकडून करड्यांची आणखी फौज उतरली आणि निळ्यांना गावातून हटून सिमेटरी हिल गाठावी लागली. ती टेकडी मात्र त्यांनी पुढचे दोन दिवस सोडली नाही आणि लढाई जिंकली.

पुढचा डाव

हाच डाव बाजू बदलून पुन्हा खेळा. पहिल्यांदा निळे खेळताना जी माघार भ्याडपणाची वाटली होती, ती करड्यांकडून पाहताना किती महागात पडते ते कळेल. मग एका वेळी एकच नियम वाढवा: दारूगोळा संपणे, सेनापती जखमी होणे, धुराने पल्ला घटणे. चार नियम एकदम वाढवले तर कशामुळे काय बदलले ते समजत नाही.

आपले साधे नियम अपुरे वाटू लागले की ‘फायर अँड फ्युरी’ किंवा ‘ब्लॅक पावडर’ यांसारखी छापील नियमपुस्तके आहेत. पण कुठलेही नियम घ्या, डाव मांडण्यापूर्वी त्या दिवशी सेनापतीपुढे कोणता प्रश्न होता तो एका वाक्यात लिहून काढा. तो लिहिता आला तर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरही लढाई समजते, आणि नाही आला तर कितीही सुबक सैनिक मांडले तरी ती समजत नाही.